भूमिका नानांची, सही तुमची

प्रश्न : चार वर्षांपासून मी ‘श्रीमंत नाना फडणवीस’ या नावाने एकपात्री प्रयोग करतो. व्हिजिटिंग कार्डावर आणि सोशल मीडियावरही हेच नाव आहे. मागच्या महिन्यात एका लग्नात प्रयोग केला. ४५ हजार ठरले होते, १५ हजार आगाऊ मिळाले. यजमानांनी पत्रिकेत मला ‘नानांचे वंशज’ म्हणून छापले होते. आता ते म्हणतात, तुम्ही फसवलेत, उरलेले पैसे विसरा, आम्ही पोलिसांत जातो. त्यातच नानांच्या घराण्यातले म्हणवणाऱ्या एका गृहस्थांची वकिलामार्फत नोटीस आली आहे : नाव वापरणे थांबवा, पाच लाख भरपाई द्या. गॅझेटमध्ये हेच नाव करून घेतले तर प्रश्न सुटेल का? (नाव राखून ठेवले आहे.)

उत्तर : झोप नोटिशीने उडालेली दिसते, पण खरी काळजी लग्नाच्या व्यवहाराची आहे. म्हणून नोटीस आधी बाजूला करू.

दिवंगत माणसाच्या नावावर वारसांची मालकी नसते. जयललितांच्या जीवनावरील चित्रपटांच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले की, माणसाने हयातीत कमावलेली प्रतिष्ठा आणि त्याचा खासगीपणाचा हक्क त्याच्याबरोबर संपतो, तो जमीनजुमल्यासारखा वारशाने उतरत नाही. नाना तर १८०० साली गेले. मृत व्यक्तीची बदनामी मात्र गुन्हा होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ तसे सांगते, पण त्यासाठी कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू लागतो. तुमचे स्क्रिप्ट मी वाचले. बारभाईंचे राजकारण आहे, नानांचा एकटेपणा आहे, बदनामी कुठे सापडली नाही. नोटिशीला वकिलाकडून उत्तर जाऊ द्या, कारण गप्प राहिलात तर पुढे तेच तुमच्याविरुद्ध बोट दाखवायला वापरतील.

आणि ‘फडणवीस’ हे मुळात पद. नानांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. चिटणीस, देशमुख, कुलकर्णी यांचेही तसेच, पदाची आडनावे झाली. आडनावांना राज्यघटना हात लावत नाही.

‘श्रीमंत’चे वेगळे आहे. घटनेच्या अनुच्छेद १८ नुसार लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडले तर सरकार कुणालाही किताब देऊ शकत नाही. पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या आगेमागे लावायचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये सांगितले. संस्थानिकांची राजे म्हणून असलेली मान्यता आणि तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. तुम्ही स्वतःहून ‘श्रीमंत’ लावलेत म्हणून अनुच्छेद १८ शिक्षा करत नाही, पण त्या शब्दाला कायद्यात काडीचे वजन नाही. नानांच्या काळी हा मान पेशव्यांचा होता आणि नाना त्यांचे कारभारी, हे तुमच्यासारख्या अभ्यासू कलाकाराला मी सांगायला नको.

म्हणूनच गॅझेटच्या भानगडीत पडू नका. गॅझेट नावातला बदल नोंदवते, घराणे देत नाही. उलट आज जे रंगमंचावरचे नाव आहे ते उद्या तुमच्या आधारवर येईल आणि समोरचा वकील म्हणेल, ‘बघा, किती ठरवून केले.’

आता लग्न. तुम्ही पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट मी तीनदा पाहिले. यजमानांनी पत्रिकेचा मसुदा पाठवला, त्यात ‘वंशज’ हा शब्द ठळक अक्षरांत आहे आणि त्याखाली तुम्ही नुसता अंगठ्याचा इमोजी टाकलात. सगळा वाद त्या अंगठ्याभोवती फिरणार. करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. पण चुकीचा मजकूर समोर आल्यावर होकार देणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. तोतयेगिरीने फसवणुकीसाठी न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सोंग घेतलेला माणूस खरा असो वा काल्पनिक, फरक पडत नाही. तुमच्या बाजूने मात्र दोन भक्कम गोष्टी आहेत : ‘वंशज’ हा शब्द यजमानांनी घातला, आणि आगाऊ रकमेची पावती तुम्ही स्वतःच्या खऱ्या नावाने दिली. फसवायला निघालेला माणूस असे करत नाही. पैसे देताना पत्रिका छापून झाली नव्हती हेही तारखांवरून दिसते, त्यामुळे ‘वंशज म्हणून पैसे दिले’ हे सिद्ध करणे त्यांना जड जाईल.

चॅटमधला एकही संदेश पुसू नका, अंगठासुद्धा. आजच यजमानांना लेखी कळवा : ‘मी नानांचा वंशज नाही आणि तसे कधी सांगितले नाही. हे माझे रंगमंचावरचे नाव आहे. मसुद्यातली चूक मी तेव्हाच दाखवायला हवी होती, त्याबद्दल दिलगीर आहे. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला असल्याने उरलेली रक्कम द्यावी.’ पाठवण्यापूर्वी हा मजकूर तुमच्या वकिलांना दाखवा. ३० हजारांसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो, पण माझे मत विचाराल तर दहा-बारा हजार सोडून तडजोड होत असेल तर करा. चारित्र्यावर गुन्ह्याचा डाग नसणे तुमच्या धंद्यात त्याहून मोलाचे आहे.

कार्ड नव्याने छापा. वर तुमचे नाव, खाली ‘नाना फडणवीसांच्या भूमिकेत’. पॅन, बँक, करारपत्र यांवर खरेच नाव. आणि पुढचा संकल्प छत्रपती शिवाजी महाराजांवर असेल, तर संस्थेला किंवा ब्रँडला त्यांचे नाव देण्याआधी मला कळवा. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत ते नाव आहे आणि धंद्यासाठी ते वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते.