आत्याचे घर हडपसरला, नोकरी हिंजवडीला

पत्र : आदरणीय ताई, मी उदगीरची, वय २३. नांदेडच्या विद्यापीठातून यंदा संगणकशास्त्रात एम.एस्सी. केले. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली असून पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रुजू व्हायचे आहे. पॅकेज ३ लाख ६० हजारांचे, त्यात मूळ वेतन महिना १५ हजार. मी हडपसरला आत्याकडे राहायचे, असे बाबांनी परस्पर ठरवून टाकले आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांचे ऑपरेशन पुण्यात झाले तेव्हा आत्याने आम्हाला दीड महिना सांभाळले होते. तिच्या वन बीएचकेमध्ये आता नवी सूनही आली आहे. मला वाकडच्या एका लेडीज हॉस्टेलमध्ये राहावेसे वाटते; तिघींत एक खोली, दोन वेळचे जेवण, महिना ९,५०० रुपये. पण तसे बोलले तर उपकार विसरले असे होईल. धाकटा भाऊ लातूरला नीटची तयारी करतो आहे आणि त्याच्या क्लासचा खर्च आता मी उचलणार, हे सगळ्यांनी धरूनच चालले आहे. आई काही बोलत नाही, नुसती पिशव्या भरते. मी तयारी कुठून सुरू करू?

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. बाबांनी तुझे राहणे ठरवले आहे, घरादाराने तुझा पगार वाटून टाकला आहे, आणि आत्याला यातले नेमके काय सांगितले गेले आहे हे तुलाही ठाऊक नाही. यांपैकी एकाही माणसाशी तू अजून सरळ बोललेली नाहीस. पिशव्या आई भरतेच आहे, तेव्हा ती काळजी सोड. तुझ्या हातात जे चार आठवडे आहेत ते बोलण्यासाठी वापर, कारण हीच बोलणी पुण्याला पोहोचल्यावर, नव्या कामाच्या धबडग्यात आणि फोनवरून करायची वेळ आली, तर साध्या गोष्टीचेही भांडण होते.

पहिले बोलणे बाबांशी. ते हट्टाने आत्याचे नाव घेत आहेत असे मला वाटत नाही. उदगीरहून पाहताना पुणे हे एकच गाव दिसते आणि त्या गावात सख्खी बहीण असताना मुलीने परक्यांत का राहावे, हा बापाच्या मनातला प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. हडपसर शहराच्या पूर्वेला सोलापूर रस्त्यावर आहे आणि हिंजवडी वायव्येला वाकडच्याही पलीकडे, दोहोंमध्ये सुमारे तीस किलोमीटरचे अंतर आणि सबंध शहराची वाहतूक आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसणार. ऑफिसच्या वेळेला हा प्रवास एका बाजूने दीड ते दोन तासांचा होतो. म्हणून बाबांपुढे ‘मला मोकळेपणा हवा’ या वाक्याने सुरुवात करू नकोस. ते वाक्य खरे असले तरी त्यातून त्यांना भलतेच ऐकू येईल. एका कागदावर सकाळी घर सोडण्याची आणि रात्री घरी पोहोचण्याची वेळ लिही, फोनवर नकाशा उघडून सकाळी साडेआठला लाल झालेला रस्ता त्यांना दाखव, आणि रात्री नऊ वाजता हडपसरच्या बसस्टॉपवर उतरणारी मुलगी त्यांना अधिक सुरक्षित वाटते की ऑफिसपासून जवळ राहणारी, हे त्यांनाच ठरवू दे. हे बोलणे घरात फक्त तुम्ही तिघे असताना व्हावे. काका, शेजारी किंवा जावईबापू बसलेले असताना बाबांना माघार घेता येणार नाही.

आता आत्या. इथे मला थोडे स्वतःबद्दल लिहावे लागेल. १९८४ साली मला मुंबईत फोर्टमध्ये नोकरी लागली आणि मी आठ महिने डोंबिवलीला लांबच्या मामांकडे राहिले. माणसे अतिशय चांगली होती, त्यामुळेच अवघड होते. रात्री साडेनऊला घरी पोहोचायचे तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला माझे ताट झाकून ठेवलेले असे आणि त्याच स्वयंपाकघरात मामांच्या दोन मुलांची अंथरुणे पडलेली असत. मुलांची झोप मोडू नये म्हणून मी दिवा न लावता, मधल्या खोलीतून येणाऱ्या उजेडात, भांडे वाजणार नाही अशा बेताने जेवत असे. महिन्याचे पैसे द्यावेत की देऊ नयेत, हे मी कधी विचारले नाही आणि मामींनी कधी काढले नाही. मी निघाले त्या दिवशी त्या म्हणाल्या, “तू काही बोलायची नाहीस गं, त्यामुळे तुला काय हवं-नको ते कळायचंच नाही.” मी त्यांना त्रास होऊ नये म्हणून गप्प होते आणि त्यांना तो परकेपणा वाटत होता. वन बीएचके घरात नवी सून आली आहे असे तू लिहितेस, तेव्हा मला ते झाकलेले ताट आठवले. त्या सुनेलाही घरात पाय रोवायचे आहेत, आणि तुझ्या बाबांना ‘नाही’ म्हणणे तुझ्या आत्याला तुझ्याहूनही कठीण आहे. तू हॉस्टेलमध्ये राहणार हे ऐकून तिला कदाचित आधी वाईट वाटेल आणि मग सुटल्यासारखे वाटेल. दोन्ही खरे असेल.

म्हणून आत्याच्या घराला नकार देऊ नकोस, त्या घराची तुझ्या आयुष्यातली जागा बदलून माग. पहिले दहा-पंधरा दिवस तिच्याकडेच राहा. हॉस्टेल प्रत्यक्ष पाहायला, रस्ते कळायला आणि पहिल्या आठवड्याचा धसका ओसरायला तेवढे दिवस लागतातच. त्यानंतर वाकडला जा आणि शनिवारची रात्र शक्य होईल तेव्हा हडपसरला काढ. हॉस्टेलच्या फॉर्मवर ‘लोकल गार्डियन’ असा एक रकाना असतो. त्यात आत्याचे नाव घालण्याची परवानगी तिलाच माग. हा फोन बाबांनी करू नये, तू कर, दुपारी तिची कामे आवरल्यावर, आणि फार सजवून बोलू नकोस: “आत्या, ऑफिस तुझ्या घरापासून फार लांब पडतंय, म्हणून मी वाकडला राहायचा विचार करतेय. पण सुरुवातीचे पंधरा दिवस तुझ्याकडे येऊ का? आणि हॉस्टेलच्या कागदावर पालक म्हणून तुझं नाव देऊ का?” दीड महिना तुम्हाला सांभाळणाऱ्या बाईला अशी विचारणा आवडेल असा माझा अंदाज आहे. त्या पंधरा दिवसांचे पैसे तिच्या हातात ठेवू नकोस, ती रागावेल. येताना घरात लागणारी एखादी वस्तू आण आणि सकाळचा चहा तू कर. उपकाराची फेड महिन्याच्या हिशेबाने होत नाही. उद्या तिच्या घरी आजारपण निघाले तर रजा टाकून जाशील, तिथे ती होईल.

पैशांच्या बाबतीत मात्र काटेकोर हो. पॅकेजला बाराने भागून ३० हजार पगार येईल, असा घरात समज झाला असेल तर तो आजच दूर कर. त्या ३० हजारांतून कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांनी १,८०० रुपये, आणि बहुधा ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपये आधीच बाजूला निघतात. उरलेल्या रकमेतून तुझ्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात (फेब्रुवारीत ३००). महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे, पण तू त्या मर्यादेच्या किंचित वर जातेस. हातात येतात साधारण साडेपंचवीस हजार. विम्याचा हप्ता किंवा कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम पॅकेजमध्ये धरली असेल तर त्याहूनही कमी, तेव्हा ऑफर लेटरसोबतचा वेतनाचा तक्ता बाबांच्या शेजारी बसून ओळीओळीने वाच.

दुसरी गोष्ट पहिल्या पगाराची. अनेक कंपन्यांत पगाराचा हिशेब २० ते २५ तारखेच्या सुमारास बंद होतो. तू २० तारखेला रुजू होणार, म्हणजे त्या महिन्याचे दहा-अकरा दिवस पुढच्या पगारात धरले जाण्याची शक्यता आहे आणि हातात पहिली रक्कम पडायला चाळीस दिवस लागू शकतात. हॉस्टेलचे एक महिन्याचे आगाऊ भाडे, तेवढीच अनामत आणि या दिवसांचा किरकोळ खर्च धरला तर २५ हजार सहज जातात. वर दहा हजार अडीअडचणीला असू देत. हे ३५ हजार बाबांकडून उसने म्हणून घे आणि कधी परत करणार ते सांग. घेणाऱ्याला त्याने जबाबदारी येते, आणि देणाऱ्याला आपली मुलगी हिशेबाची आहे हे कळते.

भावाच्या क्लासबद्दल तू फारच अपराधी स्वरात लिहिले आहेस. लातूरचे क्लास काय खर्चाचे असतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको, आणि बहिणीने हातभार लावू नये असे मी म्हणणार नाही. परंतु ‘खर्च मी उचलेन’ आणि ‘महिन्याला ५ हजार पाठवेन’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. हॉस्टेलचे ९,५०० गेल्यावर तुझ्याकडे १६ हजार उरतात. जाणे-येणे, फोन, औषधपाणी, कपडे आणि रविवारची रात्र (पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, हे तुला पहिल्याच आठवड्यात उपाशीपोटी कळेल) यांत चार हजार जातील. राहिलेल्या बारा हजारांतून ५ हजार घरी पाठव, पण दुसऱ्या पूर्ण पगारापासून, आणि आकडा आताच सांग. उरलेले सात हजार खात्यात साठू दे. हॉस्टेलचा तीन महिन्यांचा खर्च शिल्लक पडेपर्यंत त्याला हात लावू नकोस आणि ते कुणाच्या लग्नाच्या आहेरातही जाऊ देऊ नकोस. ज्या मुली पहिल्या महिन्यापासून सगळा पगार घरी पाठवतात त्यांना पुढे आकडा कमी करताना किती बोलणी खावी लागतात, हे या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत मी वर्षानुवर्षे वाचते आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, अशी रचना असते आणि आधार किंवा पॅन कार्डवर ती वेगळी पडते, कधी स्पेलिंगच वेगळे असते. भविष्यनिर्वाह निधीचे खाते आधारवरच्या नावाने निघते, त्यामुळे हा फरक उदगीरमध्ये असतानाच पाहून घे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा घाईने एक चूक काढून दुसरी घालू नकोस. मूळ प्रमाणपत्रे दाखवायला ने, पण लेखी पोच घेतल्याशिवाय कुणाच्या ताब्यात देऊ नकोस.

हॉस्टेल फोटोवरून पक्के करू नकोस. संध्याकाळी सातच्या पुढे जा, तेव्हा रस्त्यावरचे दिवे दिसतात आणि आत राहणाऱ्या मुली भेटतात; पाणी किती वेळ येते आणि सोडताना अनामत खरोखर परत मिळते का, हे मालकिणीला न विचारता त्यांना विचार. दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो हे कामाच्या वेळेशी ताडून पाहा. शिफ्ट उशिराची असेल तर हेही माहीत असू दे की महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. नोकरदार महिलांसाठी केंद्राच्या योजनेतली ‘सखी निवास’ वसतिगृहेही असतात. तिथे तीन वर्षांपर्यंत राहता येते आणि सामाईक खोलीचे भाडे पगाराच्या ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. जागा मिळणे नशिबाचे, पण चौकशीला पैसे पडत नाहीत.

राहता राहिली आई. तिने पिशवीत येसराचा डबा भरला असणार, हे मी न पाहता सांगते. त्याची आमटी करायला हॉस्टेलमध्ये शेगडी मिळणार नाही आणि इंडक्शन दिसले तर वॉर्डन उचलून नेईल. तरी तो डबा काढून ठेवू नकोस. आत्याच्या स्वयंपाकघरात त्याचा उपयोग होईल, आणि तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी माग. आई बोलत नाही कारण तुझी पुण्यातली खोली तिला डोळ्यांपुढे आणता येत नाही. घर बाबांनी ठरवले, नोकरी तू मिळवलीस, तिच्या वाट्याला फक्त पिशव्या आल्या. पोहोचवायला बाबा एकटेच येणार असे ठरले असेल तर ते बदल. तीही येऊ दे, दोन दिवस आत्याकडे राहू दे, वाकडच्या खोलीतल्या कॉटवर बसून खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते पाहू दे. बिदर-मुंबई गाडी उदगीरवरून पुण्याला जाते; तिची जातानाची तीन तिकिटे काढ, येतानाची दोन.

तुझी,
ताई