जर्मन येत नसताना म्युनिकमध्ये रोजची कामं कशी निभवायची

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिकला येताय, जर्मनचा गंध नाही, तर दुकान-डॉक्टर-सरकारी ऑफिस एकटीने कसं जमवायचं. जमतं हो. समोरचा आता काय विचारणार एवढं आधी माहीत असलं की अर्धं काम झालं, कारण रोज तेच ते दोन-चार प्रश्न असतात.

सुपरमार्केटचंच बघा. काउंटरवरची बाई हॅलो म्हणते, सामान सटासट पुढे ढकलते, पॉइंट्सचं कार्ड आहे का विचारते, पैसे झाले की बिल हवंय का विचारते. पहिल्याला 'नाइन' (नाही), दुसऱ्याला 'या' (हो), मध्ये बँकेचं कार्ड मशीनला दाखवायचं, आकडा स्क्रीनवर दिसतोच. पिशव्या तिथेच भरत बसू नका, मागची रांग डोळे वटारते, सगळं परत ट्रॉलीत टाका आणि बाजूला जाऊन निवांत भरा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन मात्र चेपून फेकू नका, बहुतेकांचे 25 सेंट परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये एकेक सरकवायची, चिठ्ठी निघते ती काउंटरवर द्यायची, तोंड उघडावं लागत नाही.

डीएम, रोसमन या साबण-शाम्पूच्या दुकानांत नवीन माणूस मेडिकल समजून शिरतो. तिथे शाम्पू, डायपर सगळं मिळेल पण साधी पॅरासिटामॉल नाही, ती आपोथेकेतच (म्हणजे इथलं मेडिकल), बाहेर मोठा लाल 'ए' असतो. तिथल्या लोकांना बहुतेक वेळा कामापुरतं इंग्रजी येतं. रविवारी बंद, पण आज कुठलं उघडं आहे ते दारावर लावलेलं असतं, फोन धरला की ट्रान्सलेट होतं.

डॉक्टरांना इंग्रजी येतं, अडतं ते रिसेप्शनवर, आणि त्यातही फोनवर. समोर उभं राहून हातवारे, कागद, मोबाइल सगळं चालतं, फोनवर यातलं काहीच नाही, म्हणून फोन शक्यतो टाळाच. डॉक्टोलिब ॲपवर डॉक्टरची भाषा निवडता येते, टर्मिन (इथे अपॉइंटमेंटला आपली मराठी माणसंही हेच म्हणतात) तिथूनच घ्या. जिवावरचं असेल तर 112, नुसता ताप-बीप रात्री चढला तर डॉक्टरांची हेल्पलाइन 116117.

सरकारी ऑफिसात पत्त्याची नोंदणी घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत करायची असते, घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. खिडकीवरचा माणूस जर्मनच बोलेन म्हणाला तर वाद घालण्यात अर्थ नाही, त्यामुळे तेवढ्या एका कामाला जर्मन येणारं कोणीतरी सोबत न्याच, नवऱ्याच्या ऑफिसातलं चालेल.

आणि हे कोणी सांगत नाही: इथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव बघतो, तुमचं नाव नसेल तर बँकेचं कार्डसुद्धा परत जातं. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलं तरी पहिले काही दिवस भागतं. पार्सल शेजाऱ्याकडे ठेवलं तर पेटीत चिठ्ठी येते, ती घेऊन त्याची बेल वाजवायची आणि ती पुढे करायची, बस.

पत्रं मात्र एकही न वाचता टाकू नका. रेडिओ-टीव्हीचे घरटी महिन्याला 18.36 युरो मागणारं येईल, ते खरं असतं, टीव्ही नसला तरी भरावे लागतात. पिवळं पाकीट (सरकारी किंवा कोर्टाची नोटीस) आलं तर पाकीटही जपा, उत्तराची मुदत त्यावर पोस्टमनने लिहिलेल्या तारखेपासून मोजतात.

मुलांच्या किटाचं (पाळणाघर-बालवाडीचं) विचारलं नाहीत, पण लहान मूल असेल तर सांगा, ते प्रकरण मोठं आहे, वेगळं लिहिते.