तिच्या वहीला खूळ म्हणू नका

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मुलीला सीईटीत ९६ पर्सेंटाइल आहेत. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं आम्ही ठरवलंय, ती मात्र फिजिक्स घेऊन बीएस्सी करते म्हणते. २०१९च्या पुरापासून तिला पाऊस मोजून वहीत लिहायचं खूळ लागलंय. तुम्ही तिला समजवाल का? – एक पालक

उत्तर : दादा, तिला नाही, मी तुम्हालाच समजावणार आहे. अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं दारात आलेलं पाणी पाहिलं आणि त्या दिवसापासून ती रोज पाऊस मोजते. याला तुम्ही खूळ म्हणता? मार्कांची मला काळजी नाही. पत्रभर ‘आम्ही ठरवलंय’ आहे आणि तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, याची आहे.

फिजिक्स एकीकडे आणि कॉम्प्युटर दुसरीकडे, हा तुमचा समज चुकीचा आहे. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे. हवामानाचा अंदाज काढायला कॉम्प्युटर नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीचा हिशेब करतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेलं अंदाजाचं मॉडेल २०२५मध्ये १२ किलोमीटरच्या चौकटींवरून ६ किलोमीटरवर आलं. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, वेळेचा एकेक टप्पाही साधारण निम्म्या लांबीचा करावा लागतो, म्हणजे हिशेब जवळपास आठपट. तो हजारो प्रोसेसरवर वाटायचा कसा, हे कॉम्प्युटर सायन्सचं काम. पण वारा आणि बाष्प कोणत्या समीकरणांनी चालतात, हे कळणारं माणूसही तिथं लागतंच. उलट बाजूनंही तसंच. सर्न या युरोपातल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी, या गरजेतून १९८९मध्ये वेबची कल्पना पुढे आली. ती मांडणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांची पदवी फिजिक्सची.

बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं. तिनं स्वतःहून कॉम्प्युटर निवडलं तरी उत्तमच, फक्त गणित आणि फिजिक्स सोडू नये. बीएस्सी केली तर पहिल्या वर्षापासून प्रोग्रॅमिंग शिकावं. नुसत्या पाठांतराच्या बीएस्सीचा उपयोग नाही, हेही तिला स्पष्ट सांगा.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरण्याआधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून तिची वही मागून घ्या. कोणत्या वर्षी कोयनेचं पाणी सोडलं तेव्हा सांगलीत किती पाऊस होता, हे तिला विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. फॉर्म तिलाच भरू द्या. पुढचं पत्रही तिनंच लिहावं, मी वाट बघतो.