सांगलीहून जर्मनीला शिकायला निघालोय, पहिल्या आठवड्यात तिथल्या संस्कृतीशी जुळवून कसं घ्यायचं?

तू सांगलीचाच निघालास म्हणून अरे-तुरे करतो. संस्कृतीचं नंतर बघू. आधी सांग, उतरतोयस कुठल्या वारी?

मी 1 ऑक्टोबर 2022 ला पोचलो. शनिवार. त्या दिवशीचं तिकीट स्वस्त, म्हणून काकांनी तेच काढलेलं. फ्रँकफुर्टहून रेल्वेनं आखनला होस्टेलवर जाईपर्यंत रात्रीचे साडेदहा. दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, तिथं सुपरमार्केट उघडतच नाहीत. सोमवारी सकाळी पिशवी घेऊन काचेच्या दारासमोर उभा राहिलो, दार सरकेचना. 3 ऑक्टोबर, जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी!

आता बॅगेचं ऐक. आदल्या रात्री गावभागातल्या घरी काकांनी वजनकाटा आणून एकेक वस्तू बाहेर काढली. पहिलं काढलं ते आईनं बांधलेलं भडंग. "जर्मनीत सगळं मिळतं वहिनी, पोराला तिथं चुरमुरे खात बसवायचंय का?" 2019 ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा याच माणसानं महिन्याचं धान्य माळ्यावर चढवलं होतं.

रविवारी दुपारी निदान पाणी तरी उकळावं म्हणून कुकर काढला. झाकण फिरवलं तर आत भडंग. दाबून भरलेली पिशवी, तोंडाला दोन रबर, शिट्टी वेगळी रुमालात बांधलेली. खोलीभर लसणाचा वास. आईनं रात्रीत कधी भरलं, देव जाणे. दोन दिवस तेच खाल्लं. सोमवारी संध्याकाळी कॉमन किचनमध्ये व्हिएतनामचा शेजारी आला, त्यानं मूठभर तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं तरी परत हात पुढे. मग त्याच्या पातेल्यातला भात मला मिळाला. जुळवून घेणं म्हणतोस ते माझं तरी असंच झालं.

तर मंगळवार-बुधवार बघून उतर. राहायचा पत्ता दोन आठवड्यांत पालिकेत नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेव. रविवारी काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायला जाऊ नकोस, आवाज होतो म्हणून मनाई असते. एका आजोबांनी मला रस्त्यात उभं करून झापलं, एक शब्द कळला नाही पण मुद्दा कळला. हळद नेऊ नकोस, आपण हळदीच्या गावचे असलो तरी. तिथं मिळते, आणि पांढऱ्या ओट्यावरचा डाग जाता जात नाही. कुकर मात्र ने. भडंग तर नेच, कुणी काही म्हणो.

हां, एक कबूल करतो. मोठ्या स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात, काही बेकऱ्याही सकाळी दोन-चार तास. मला हे महिन्याभरानं कळलं. काकांना यूट्यूबवर कळलं, तेव्हापासून प्रत्येक लग्नात पंगतीत ऐकवतात. पण सिम चालू नाही, भाषा येत नाही, अशा पोराला पहिल्या दिवशी हे सांगणार कोण? आणि तूप-पेढे नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे-मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, साताऱ्याचे कंदी पेढेसुद्धा त्यातच आले.

बाकी काका, तुम्ही हे वाचालच. मर्यादा 23 किलोची होती. मुंबईला काट्यावर बॅग भरली 21 किलो 400, आणि ती कुकरातल्या भडंगासकट.