भगंदराचं गळू फुटलं तरी परत परत पू का येतो?

कारण बाहेर दिसतं ते फक्त एक तोंड असतं, दुसरं आत असतं. गुदद्वाराच्या साधारण 2 सेमी आत एक दातेरी रेषा असते, तिथे बारीक खाचा आणि त्यात उघडणाऱ्या छोट्या ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबली की पू होतो, तो वाट शोधत स्नायूंमधून कातडीपर्यंत येतो आणि फुटतो, मग तीच वाट बोगद्यासारखी उघडी राहते, म्हणजे भगंदर.

माझ्या भावाला वर्षभर असंच चाललं होतं, चड्डीला डाग, बसताना ठणका, फुटलं की दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. तो लाजेपोटी मलमच लावत बसला, प्लीज तसं करू नका, मलमाने बोगदा बुजत नाही.

गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात, आतला आपोआप चालतो, बाहेरचा आपण आवळतो. बोगदा त्यातून किती जातो ते एमआरआयमध्ये कळतं. थोडाच स्नायू असेल तर सर्जन बोगदा चिरून उघडा करतात, जास्त असेल तर चिरल्याने शौचावरचा कंट्रोल जाऊ शकतो म्हणून बोगद्यात दोरा घालतात किंवा दुसरं ऑपरेशन निवडतात. आयुर्वेदातलं क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा, हेही असंच, तो दोरा साधारण दर आठवड्याला बदलतात. ताप आणि सूज असेल तर आजच दाखवा.