रोहिणीचा पाऊस झाला, आता चाड्यावर मूठ धरू का?

प्रश्न : काका, आमचं इंदापूर तालुक्यात तीन एकर काळं रान आहे. एप्रिलात पत्र्याच्या घरात उभं राहवत नव्हतं. मे लागला तशी रोज दुपारी वावटळ आणि गडगडाट. पण २४-२५ मेच्या शनिवार-रविवारी जे आलं, ते लग्न होऊन या गावात आल्यापासून मी पाहिलं नव्हतं. ओढा बांध फोडून रानात शिरला, कापून ठेवलेली उन्हाळी बाजरी वाहून गेली, कांदाचाळीतला खालचा कांदा भिजला. सासूबाई म्हणतात, रविवारीच रोहिणी नक्षत्र लागलं, पाऊसही झाला, आता पेरून टाका. हा पाऊस वळवाचा म्हणायचा की मोसमी? पेरू का?

– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, इतक्यात पेरू नका. बाजरी गेली ते वाचून जीव हळहळला. हाताशी आलेलं पीक पाण्याबरोबर जाताना बघणं काय असतं, ते मी जाणतो.

तुमच्या रानात पडलं ते नेहमीच्या वळवाचं पाणी नव्हतं. वळीव उन्हातून तयार होतो. जमीन तापते, हवा वर चढते, दुपारी ऐरणीच्या आकाराचा ढग उभा राहतो. त्यातून गार हवा धाडकन खाली आली की आधी धुरळा, मग टपोरे थेंब. तासाभरात खेळ संपतो, आणि शेजारच्या गावाला थेंबही नसतो. त्या शनिवारी मात्र अरबी समुद्रातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून आपल्याकडे सरकलं. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडणारा आपला मुलूख. दोन दिवसांत एवढं पाणी जिरवायला ओढ्यांना वावच कुठे होता? बारामतीकडे नीरा डावा कालवा फुटला तो त्याच रविवारी.

आता मोसमीचं. तोही त्याच सुमारास आला, म्हणून घोळ झाला. २४ मे २०२५ला केरळात, २५ला तळकोकणात, २६ला मुंबई-पुण्यात. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. पण इतक्या लवकर आलेले वारे तिथेच थबकलेत. हे लिहितोय तेव्हा जूनचा पहिला आठवडा आहे आणि माझ्या अंगणात कोरडा वारा सुटलाय.

तुम्ही म्हणाल, पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस हवा असं तुम्हीच सांगता, तो तर केव्हाच होऊन गेला. झाला, पण धो धो पडलेलं पाणी बरंचसं वाहून जातं आणि वर खपली धरते. त्या खपलीखालून बाजरीचा, मुगाचा कोंब वर येत नाही. आला तरी पुढचे दहा-बारा दिवस वाऱ्यात करपतो. एका वर्षी मी स्वतः रोहिणीच्या ओलीवर दीड एकर मूग टाकला होता. सहाव्या दिवशी हिरव्या रेघा दिसल्या, पंधराव्या दिवशी रान मोकळं. दुसऱ्यांदा बियाणं आणायला उसनवारी करावी लागली. म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतोय.

सासूबाईंचं चुकलेलं नाही. त्यांच्या पाहण्यात रोहिणीच्या मागोमाग मृग येत असणार. यंदा मधे खंड पडलाय. दुसरा चांगला पाऊस होऊ द्या, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ द्या. वीतभर उकरून माती मुठीत दाबा. लाडू होऊन हलक्या टिचकीनं फुटला, तर वाफसा आला समजा. तोवर पाणी साचलेल्या कोपऱ्यात चर काढा आणि खपली मोडायला एक कुळवाची पाळी घाला.

नुकसानीचे फोटो काढले नसतील तर आजच काढा, फुटलेला बांधही त्यात येऊ द्या. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतील तेव्हा रानात घरचं कोणीतरी हजर राहा.

भिजलेला कांदा मात्र एक दिवसही थांबणार नाही. सगळी चाळ उपसा, ओला कांदा वेगळा काढून सावलीत पसरा आणि सडका लांब नेऊन टाका. दुपारी गडगडलं तर काम तसंच टाकून घरात जा, बांधावरच्या बाभळीखाली थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मुलाच्या फोनवर घ्या, वीज जवळ असली की ते सांगतं.