झूलॉजी घेऊन पोट भरेल का, मॅडम?

"नीटला नंबर लागत नाही म्हटल्यावर आम्ही बी.फार्म.ची तयारी ठेवली होती. आता ही म्हणते, प्राण्यांची उत्क्रांती शिकायचीय!" सातारा जिल्ह्यातले एक वडील मला सांगत होते. त्यांच्या गावात झूलॉजीत एम.एस्सी. झालेला एक मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतोय, पगार वेळेवर नाही. निकालाच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, आणि ते उदाहरण खोटंही नसतं.

मुलीला विचारलं, प्राणी आवडतात म्हणून की आणखी काही? तिनं मोबाइल पुढे केला. किल्ल्याच्या तटावरची बोटभर पाल. "घरातल्या पालीची बाहुली उभी फट असते, हिची गोल आहे. ही दिवसा फिरते म्हणून का?" सह्याद्रीतल्या या पालींच्या कितीतरी जाती अलीकडे डीएनए तपासून वेगळ्या ओळखल्या गेल्यात, हे तिला ठाऊक होतं. नुसती प्राण्यांची माया असलेली मुलं बरीच येतात. असा प्रश्न घेऊन येणारी कमी.

वडिलांचं पुढचं म्हणणं : "ठीक आहे, पण याचा उपयोग काय?"

मी एक उदाहरण सांगितलं. ओडिशातल्या सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात काळपट वाघ दिसतात. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटानं 2021 मध्ये दाखवून दिलं की एका जनुकातल्या एका बदलामुळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटलेले, आपसातच प्रजनन होणारे, म्हणून तो बदल तिथं इतका पसरला. आणि 2024 मध्ये तिथं नवं रक्त यावं म्हणून आपल्या ताडोब्यातून दोन वाघिणी नेल्या गेल्या. ताडोब्याचं नाव निघताच गृहस्थ खुर्चीत जरा पुढे सरकले.

मग पैशाचं बोललो, कारण खरी भीती तीच. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पाच-सहा वर्षं पीएच.डी. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000, वर घरभाडं. नुसतं नेट पास झालं आणि जेआरएफ हुकली, तर ही रक्कम नाही. हा फरक पालकांना कुणी सांगत नाही. कायम नोकरी तिशीनंतर, तीही मोजक्या जागांवर. "तोवर घर हिच्या पगारावर अवलंबून असेल का?" मी विचारलं. नाही, थोरला भाऊ कमावता आहे. मग निम्मं ओझं तिथंच उतरलं.

मला काळजी वेगळीच वाटत होती. तिनं अकरावीत गणित सोडलं होतं. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा गणित न घेतलेल्यांनाही देता येते, पण प्रश्नपत्रिकेत गणिताचे प्रश्न असतातच. शिवाय आनुवंशिकीचं आजचं काम जंगलात कमी, संगणकावर जास्त. जंगलातून नमुना उचलायला वनखात्याची परवानगी, ती मिळेपर्यंत महिने. मग विष्ठेतून डीएनए काढायचा, पीसीआर लावून त्याच्या भरपूर प्रती करायच्या आणि त्या तपासायच्या जेलवर काहीच न उमटल्यावर पुन्हा पहिल्यापासून. त्यातून जे हाती लागेल त्याचं संख्याशास्त्र. "हे कंटाळवाणं वाटलं तर आत्ताच सांग," म्हटलं. ती म्हणाली, "गणिताची भीती वाटते, कंटाळा नाही येत."

ठरलं ते असं : आयसरसाठी वर्ष वाया घालवायचं नाही, जवळच्या कॉलेजात झूलॉजी, सोबत संख्याशास्त्र, आणि 'आर' ही आकडेवारीसाठीची संगणकाची भाषा शिकायची. एम.एस्सी.नंतर दोनदा जेआरएफ हुकली तर हट्ट नाही. जीनोमच्या, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएच्या, माहितीवर काम करणाऱ्या कंपन्या आहेत, वन्यजीव गुन्ह्यांत डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. ही अट वडिलांनी घातली, तिनं मान्य केली.

सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज भरलाय, त्यात वडिलांनी एकच दुरुस्ती सुचवली : ताडोब्याच्या वाघिणींचा उल्लेख हवा. तिनं तो घातला नाही. तिचा विषय पाली आहे.